सोडियम कमी झालं म्हणजे मीठच कमी पडलं असं नाही

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो. आई 73 वर्षांच्या, वजन 45 किलोच्या आसपास. तीन आठवड्यांपूर्वी बीपीची गोळी बदलली, नव्या गोळीच्या नावामागे ‘एच’ आहे. आठवडाभर मळमळ होती, जेवण जात नव्हतं, चहा-बिस्किटं आणि मऊ भातावर दिवस चालले होते. मग बोलणं असंबद्ध झालं, घरातली माणसं ओळखू येईनात आणि दवाखान्यात नेताना एक झटका आला. रिपोर्ट असा: सोडियम 114, पोटॅशियम 2.9, बायकार्बोनेट 31, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चाललंय का हे सांगणारी तपासणी) नॉर्मल. आयसीयूत सुरुवातीला तीन टक्क्यांचं, म्हणजे जास्त खारं, सलाइन थोडं थोडं दिलं, सोडियम 119 झालं, झटके थांबले, आणि डॉक्टरांनी ते सलाइन बंद केलं. आज दुसऱ्या दिवशी सोडियम 122 आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सोडियम कमी आहे तर भरपूर मीठ का देत नाहीत, दिवसाला 800 मिलीच देऊन बाकीचं पाणी का तोडलं, आणि एका दिवसात 138, म्हणजे नॉर्मल, करता येत असताना रोज थोडं थोडं का वाढवतायत. बिल वाढवण्यासाठी हे चाललंय का, हेही तुम्ही मोकळेपणाने विचारलंत. तसं वाटणं मी समजू शकतो, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

114 हा आकडा शरीरात एकूण सोडियम किती उरलंय हे सांगत नाही. एक लिटर रक्तरसात किती आहे, एवढंच तो सांगतो. आमटी अळणी लागली तर मीठ कमी पडलेलं असतं किंवा पाणी जास्त झालेलं असतं, आणि नुसत्या चवीवरून यातलं कोणतं हे कळत नाही. शरीरातही तसंच असतं.

तुमच्या आईंचा हिशोब मांडून बघा. या वयाच्या, या वजनाच्या बाईच्या शरीरात साधारण 21 लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि एक तृतीयांश बाहेर. सोडियम 138 वरून 114 वर केवळ मीठ गेल्यामुळे आलं असं मानलं, तर सुमारे 500 मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे जवळजवळ 30 ग्रॅम मीठ अंगातून निघून गेलेलं असायला हवं. तेवढं मीठ गेलं तर माणसाचं बीपी पार कोसळतं, डोळे खोल जातात. उलट, मीठ जागच्या जागी आहे आणि फक्त पाणी साठलं असं मानलं, तर चार लिटरच्या थोड्या वर पाणी साठल्यानेच हा आकडा येतो. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं: थोडं सोडियम आणि बरंच पोटॅशियम लघवीतून गेलं, आणि प्यायलेलं पाणी बाहेर पडलं नाही. हे दुसरं, पाणी बाहेर न पडणं, हाच आजाराचा गाभा आहे.

पाणी का अडकलं? निरोगी मूत्रपिंडाची पाणी टाकण्याची ताकद अफाट असते. आपण रोज जे खातो त्यातून युरिया आणि क्षार मिळून साधारण 600 मिलीऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) इतका विरघळलेला कचरा लघवीतून टाकायचा असतो. मूत्रपिंड लघवी 50 मिलीऑस्मोल प्रति लिटरइतकी पातळ करू शकतं. म्हणजे 600 भागिले 50, दिवसाला 12 लिटर पाणी टाकण्याची सोय झाली. आता यातले दोन्ही आकडे बिघडवून बघा. चहा-बिस्किटं आणि मऊ भात यात प्रथिनंही नाहीत आणि क्षारही फारसे नाहीत, त्यामुळे कचरा 600 चा 300 वर आला. आणि गोळीमुळे लघवी 300 पेक्षा पातळ करता येईनाशी झाली. 300 भागिले 300, म्हणजे दिवसाला फक्त एक लिटर. त्यावर प्यायलेला प्रत्येक पेला, घाम आणि श्वासातून जाणारं थोडं वगळता, अंगातच राहणार. आणि अशा वेळी घरचे काय करतात? अशक्तपणा आलाय म्हणून पाणी, लिंबू सरबत, डाळीचं पाणी, शहाळं आग्रहाने पाजतात. त्यात प्रेम असतं, पण त्यानेच सोडियम आणखी उतरतं.

गोळीच्या नावातला ‘एच’ बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायझाइडचा असतो. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड त्याचीच भावंडं, या गटाला थायझाइड म्हणतात. मूत्रपिंडाच्या नलिकेच्या शेवटाकडे एक भाग असतो, तो लघवीतलं मीठ परत ओढून घेतो आणि पाणी मागे सोडतो, म्हणून लघवी पातळ होते. थायझाइड नेमकं तिथलंच काम थांबवतं. बीपीसाठी हे औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, लाखो लोक ते बिनघोर घेतात. पण वयस्कर, सडपातळ, कमी जेवणाऱ्या बाईत सुरुवातीच्या काही आठवड्यांत सोडियम घसरण्याचा धोका खरा असतो. अशा व्यक्तीला ही गोळी सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत सोडियम-पोटॅशियम तपासलं पाहिजे, या मताचा मी आहे, आणि ते होत नाही याची मला मनापासून खंत वाटते. काही रुपयांची तपासणी आयसीयू वाचवते. पायावरच्या सुजेसाठी देतात ती फ्युरोसेमाइड वेगळ्या भागावर काम करते आणि लघवी घट्ट करण्याची क्षमताही कमी करते, म्हणून तिच्यामुळे सोडियम इतकं सहसा उतरत नाही.

याच्या जोडीला मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक असतं. ते मूत्रपिंडाला ‘पाणी धरून ठेव’ असं सांगतं. सोडियम उतरल्यावर ते बंद व्हायला हवं. पण मळमळ, वेदना, न्यूमोनिया, काही मानसिक आजारांवरच्या आणि फिटच्या गोळ्या, अंगातलं पाणी-मीठ कमी पडणं, यांपैकी काहीही असलं तर ते चालूच राहतं. तुमच्या आईंना आठवडाभर मळमळ होती, हे विसरू नका.

आता रिपोर्टमधल्या बाकीच्या ओळी. सोडियमचा आकडा एकटा वाचू नये, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट त्याच्या शेजारी ठेवून वाचावा. आईंचं पोटॅशियम 2.9 आणि बायकार्बोनेट 31. नॉर्मल पोटॅशियम 3.5 ते 5, बायकार्बोनेट 22 ते 28 च्या आसपास. म्हणजे पोटॅशियम गेलंय आणि रक्त अल्कलीकडे झुकलंय. कारण असं: थायझाइडमुळे जास्त सोडियम नलिकेच्या टोकापर्यंत पोहोचतं. तिथे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक त्यातलं काही वाचवतं, पण त्या बदल्यात पोटॅशियम आणि आम्ल लघवीत जातं. उलट्या झाल्या असतील तर पोटातलं आम्ल तिकडूनही गेलं. आम्ल गेलं की बायकार्बोनेट वाढतं. रक्ताचा सामू (पीएच) 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहावा म्हणून फुप्फुसं श्वास किंचित मंद करून कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात, पण ती तात्पुरती डागडुजी. खरी दुरुस्ती पोटॅशियम क्लोराइडने होते, आणि त्यातला क्लोराइडही तितकाच कामाचा, कारण क्लोराइड मिळाल्याशिवाय मूत्रपिंड जास्तीचं बायकार्बोनेट सोडून देत नाही.

हेच आकडे वेगळे असते तर शोधाची दिशाच बदलली असती. सोडियम कमी पण पोटॅशियम वाढलेलं आणि बायकार्बोनेट कमी असतं, तर मी आधी मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीकडे पाहिलं असतं आणि तिचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासायला सांगितलं असतं. जुलाबांत बायकार्बोनेट सहसा उतरतं. पोटॅशियम आणि बायकार्बोनेट दोन्ही नॉर्मल आणि सोडियम एकटंच कमी असतं, तर व्हॅसोप्रेसिन विनाकारण वाहतंय का, म्हणून छातीचा एक्स-रे आणि औषधांची यादी आधी बघितली असती. साखर 500-600 असती, तर सोडियमचा बराचसा उतार साखरेनेच पेशीतलं पाणी बाहेर ओढल्यामुळे असता.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते या सगळ्यात नातेवाइकांना कळायलाच हवी अशी गोष्ट हीच आहे.

सोडियम उतरलं की पाणी पेशींच्या आत शिरतं. बाकी अवयव थोडे फुगले तरी चालतं, मेंदू मात्र कवटीत बंद आहे. म्हणून मेंदू स्वतःला वाचवतो: पहिल्या काही तासांत आपल्या पेशींतले क्षार बाहेर टाकतो, आणि पुढच्या दोनेक दिवसांत ग्लुटामेट, टॉरिन, मायो-इनोसिटॉल असे विरघळलेले सेंद्रिय पदार्थही टाकतो. आतला ऐवज कमी केला की पाणी ओढलं जाणंही कमी होतं आणि सूज उतरते. म्हणून तर हळूहळू 114 वर आलेल्या तुमच्या आई बरेच दिवस हिंडत-फिरत होत्या. याउलट मॅरेथॉनमध्ये तहान नसताना पाणी पीत राहिलेल्या धावपटूचं सोडियम चार तासांत 120 वर आलं, तर तो मरू शकतो, कारण त्याच्या मेंदूला वेळच मिळालेला नसतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं.

आता उलटा विचार करा. मेंदूने आतला ऐवज टाकून दिलाय, आणि आपण बाहेरचं सोडियम एका दिवसात 138 वर नेलं. पाणी झपाट्याने पेशींतून बाहेर ओढलं जातं. टाकलेले सेंद्रिय पदार्थ परत जमवायला मेंदूला काही दिवस लागतात, तोवर पेशी आकसतात आणि मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण उतरतं, विशेषतः मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागात. 1959 मध्ये रेमंड ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार दारू पिणाऱ्या आणि कुपोषित रुग्णांत प्रथम वर्णिला. सोडियम झपाट्याने वाढवण्याशी त्याचा संबंध पुढे 1980 च्या दशकात स्पष्ट झाला. यातली वाईट गोष्ट अशी की सोडियम नॉर्मल झाल्यावर रुग्ण आधी छान सुधारतो, बोलतो, घरचे खूश होतात, आणि मग दोन ते सहा दिवसांनी बोलणं जड होतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. काही रुग्ण सुधारतात, काही कधीच नाही.

हा आजार विरळ आहे, आणि वेगाची मर्यादा नेमकी किती कडक असावी यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. पण सर्वसाधारणपणे 24 तासांत 8 ते 10 पेक्षा जास्त वाढ नको असं मानतात. कमी पोटॅशियम, कुपोषण, दारू किंवा यकृताचा आजार असेल तर 8 ची मर्यादा पाळतात. तुमच्या आईंत यातल्या दोन गोष्टी आहेत. झटका आला तेव्हा मात्र थांबून चालत नाही, कारण त्या क्षणी सुजेचा धोका मोठा असतो. तीन टक्क्यांचं सलाइन 100 ते 150 मिली असं दहा-वीस मिनिटांत, गरज पडली तर पुन्हा, देऊन सोडियम 4 ते 6 ने वर आणलं की मेंदूची सूज उतरायला तेवढं पुरतं. तुमच्या डॉक्टरांनी 114 चं 119 करून हात आवरला आणि दिवसाअखेर 122 वर ठेवलं. मी तिथे असतो तर हेच केलं असतं.

हात आवरणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही, आणि आयसीयूचा खर्च मुख्यतः यासाठीच असतो. गोळी बंद झाली, मळमळ थांबली, थोडं सलाइन आणि पोटॅशियम मिळालं की व्हॅसोप्रेसिन अचानक बंद पडतं. आतापर्यंत अडकलेलं पाणी धो धो लघवीवाटे जायला लागतं, आणि आपण काहीही न देता सोडियम आपोआप वर उसळतं. म्हणून लघवीची नळी, दर तासाचं माप, दर चार-सहा तासांनी सोडियम. लघवी एकदम पाण्यासारखी आणि तासाला 100 मिलीच्या वर जायला लागली की आम्ही सावध होतो. गरज पडली तर शिरेतून पाच टक्के डेक्स्ट्रोज देतो किंवा डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनसारखंच काम करणारं औषध, टोचतो आणि सोडियम मुद्दाम रोखून धरतो. पोटॅशियमही या हिशोबात धरावं लागतं: ते पेशीत शिरतं तेव्हा त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर येतं. 40 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम दिलं तर आईंचं सोडियम जवळजवळ 2 ने वाढतं. हे न धरता दोन्ही बाजूंनी भरणा केला की मर्यादा नकळत ओलांडली जाते.

तेव्हा बिलाची शंका मनात ठेवून कुढण्यापेक्षा सिस्टरना किंवा निवासी डॉक्टरांना थेट विचारा: आजचं सोडियम कोणत्या वेळी किती होतं, लघवी तासाला किती होतेय, पोटॅशियम किती भरलं? ही तीन उत्तरं लगेच मिळाली तर उपचार नीट चाललेत. ती देता येत नसतील, तर मात्र वरिष्ठांना भेटायचा आग्रह धरा.

साधं सलाइन लावून का भागत नाही, हेही तुमच्या मनात असेल. आईंच्या अंगातलं पाणी-मीठ खरंच कमी पडलं असेल तर ते उपयोगी पडतं. पण व्हॅसोप्रेसिन विनाकारण चालू असलेल्या रुग्णात ते उलटतं. एक लिटर साध्या सलाइनमध्ये सोडियम आणि क्लोराइड मिळून 308 मिलीऑस्मोल असतात. लघवी 600 इतकी घट्ट असेल तर मूत्रपिंड ते सगळे क्षार अर्ध्या लिटरात टाकून मोकळं होतं. उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहतं, आणि सोडियम आणखी उतरतं.

पाण्याच्या बाबतीत तुमची खरी परीक्षा आहे, कारण त्या तुमच्याकडेच मागणार. दिवसाला दिलेल्या 800 मिलीत चहा, ताक, सूप, वरणाचं पाणी, औषधाबरोबरचं पाणी सगळं येतं. तोंड कोरडं पडल्यामुळे पाणी मागत असतील तर ओला कापूस ओठांवर फिरवा, बर्फाचा छोटा खडा द्या, लिंबाची फोड चाटायला द्या. या गोष्टींना डॉक्टरांची हरकत नाही ना आणि गिळणं सुरक्षित आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. बाहेरून शहाळं आणू नका: त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नावापुरतं, म्हणजे सोडियमच्या दृष्टीने ते जवळपास पाणीच. ओआरएसचंही तसंच. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखर-पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले, त्याबद्दल मला अतीव आदर आहे. पण ते जुलाबासाठी आहे. आजच्या ओआरएसमध्ये लिटरमागे 75 सोडियम असतं. 122 सोडियम असलेल्या, पाणी अडकलेल्या माणसाला ते पाजणं म्हणजे त्यात आणखी पाणी घालणं.

घरी आल्यावर मीठ नेहमीच्या जेवणाइतकं असू दे, अळणी नको आणि वरून चमचेही नकोत, बीपी आहेच. पोटॅशियम घातलेलं ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. बीपीच्या कित्येक गोळ्या पोटॅशियम धरून ठेवतात, त्यांच्यासोबत ते धोक्याचं ठरू शकतं. खरी गरज प्रथिनांची आहे: अंडं, मासे, घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, जे रुचेल ते दोन्ही वेळा. त्यातून युरिया तयार होतो आणि युरियाबरोबर पाणी बाहेर पडतं, हा वरचा भागाकार आठवा. गोळी सुटून सोडियम स्थिरावलं की सहसा आयुष्यभर पाणी मोजावं लागत नाही, तहानेप्रमाणे प्यायलं की झालं. उठल्या उठल्या लिटरभर पाणी आणि दिवसाला चार लिटरचा नेम हे जे फोनवर फिरत असतं, ते या वयात पाळू नका.

थायझाइड गटातली कोणतीही गोळी आईंना पुन्हा कधीच नको. एका कार्डावर ‘थायझाइडमुळे सोडियम 114’ असं तारखेसह लिहा, खाली हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही नावं लिहा आणि ते त्यांच्या फाइलीत सर्वांत वर ठेवा. पुढेमागे झोपेसाठी किंवा उदासीसाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फिटसाठी किंवा चेहऱ्याच्या दुखण्यासाठी कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन, दुखण्यावर ट्रामाडॉल, यांपैकी काही सुरू होणार असेल तर आधी हे कार्ड दाखवा आणि आठवड्याने सोडियम करून घ्या. बीपीसाठी ॲम्लोडिपीनसारखे पर्याय आहेत, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

सोडियम 128-130 वर आल्यावर ‘आता बरंच आहे’ म्हणून तपासणी सोडू नका. ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये दाखवलं की असं किंचित कमी सोडियम असलेल्या, वरवर धडधाकट दिसणाऱ्या लोकांचाही तोल ढळतो आणि ते जास्त पडतात. या वयात खुब्याचं हाड मोडणं हा सोडियमपेक्षा मोठा आजार ठरतो. सुट्टी मिळाल्यावर तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट बघा. गोळी बंद असूनही पुन्हा उतरलं, तर त्यामागे दुसरं काहीतरी आहे. तेव्हा लघवीची ऑस्मोलॅलिटी (ती किती घट्ट आहे याचं माप) आणि लघवीतलं सोडियम, थायरॉइड, सकाळचं कॉर्टिसॉल आणि छातीचा एक्स-रे एवढं एकाच वेळी करून घ्या. आणि पुढच्या आठवडाभरात बोलणं अडखळायला लागलं, घोट गिळताना ठसका लागला किंवा हातपाय जड वाटले, तर वाट न बघता त्याच दिवशी त्याच डॉक्टरांकडे न्या.